कॅप्टनच्या आईने धुवायची पट्टी

मी जिना तिरकी उतरते. कठड्याला धरून उजवा पाय खाली, मग डावा त्याच्या शेजारी, मग पुन्हा उजवा. बेळ्ळंदूरला आमच्या इमारतीत लिफ्ट आहे, म्हणून हे फारसं कुणाच्या नजरेत येत नाही. कुणी पाहिलंच तर मी म्हणते, वजन वाढलंय हो. लोकांना ते लगेच पटतं, आणि दर वेळी मला त्यांचा राग येतो.

गेल्या वर्षी दिवाळीची सुट्टी संपल्यावर एका संध्याकाळी लिफ्ट बंद पडली होती. मी भाजीची पिशवी घेऊन खाली उभी, आणि वरून माझी मुलगी येत होती. दहावीतली पोर. जिना कधी चालत उतरली नाही. दोन-दोन पायऱ्या गाळत धडाधडा यायची आणि पहिल्या मजल्यावरचे अंकल दार उघडून ओरडायचे. त्या दिवशी ती कठड्याला धरून आली. उजवा पाय खाली, मग डावा त्याच्या शेजारी.

"काय झालं गं?" मी विचारलं.

"काही नाही. स्वल्प दुखतंय, अष्टे."

थोडंसं दुखतंय, एवढंच. बेंगळुरूत वाढलेली आमची पोरं घरात मराठी बोलतात आणि दुखणं, भूक, उशीर सगळं कन्नडमध्ये स्वल्प करून टाकतात. त्यात नवल नाही. पण हे शब्द मी अगदी याच सुरात तीस वर्षांपूर्वी ऐकले होते.

कुठे ऐकले ते सांगायचं तर शाळेपासून सुरुवात करायला हवी. आम्ही मूळचे निपाणीकडचे, पण अण्णा, म्हणजे माझे वडील, नोकरीसाठी इथे आले ते इथलेच झाले. त्यांनी मला शहराच्या जुन्या भागातल्या एका हायस्कुलात घातलं. तिथे अभ्यास बेताचा आणि बास्केटबॉल मात्र देवाच्या जागी. मुलींनी जिंकलेले कप हेडमिस्ट्रेसच्या खोलीत मावेनात, म्हणून प्रयोगशाळेत ॲसिडच्या बाटल्यांशेजारी ठेवलेले. माझी मुलगीही त्याच शाळेत जावी हा माझा हट्ट. नवरा पुण्याचा, त्याला हे खूळ कळत नाही. बेळ्ळंदूरपासून शाळेपर्यंत रोज सकाळी रिंगरोडच्या ट्रॅफिकमधून जायचं म्हणजे काय शिक्षा असते ते ज्याचं त्यालाच ठाऊक. तरी मी तिला तिथेच घातलं. माझ्याच हाताने.

कोर्टाकडे जाणाऱ्या व्हरांड्यात एक लाकडी फळा आहे. त्यावर दर वर्षीच्या कॅप्टनचं नाव पिवळ्या रंगात. काही थोड्या नावांपुढे लाल चांदणी. चांदणी म्हणजे ती मुलगी फायनलमध्ये जखमी झाली आणि तरी कोर्ट सोडून गेली नाही. कप जिंकून चांदणी मिळत नाही. माझ्या नावापुढे आहे. मुलगी पहिलीत होती तेव्हा मी तिला उचलून ती दाखवली होती, आणि तिने चिकट बोटाने ती चाचपून पाहिली होती.

आणि ती पट्टी. साधी क्रेप बँडेजची पट्टी, चहा सांडून वाळावा त्या रंगाची. पहिली चांदणी ज्या मुलीला मिळाली, ती चष्मा सुतळीने डोक्याला बांधून खेळणारी बुटकी पोरगी होती म्हणतात, तिने ही गुडघ्याला बांधली होती. तेव्हापासून फायनलला कॅप्टनने ती उजव्या गुडघ्याला बांधायची. दुखो वा न दुखो. एरवी ती बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात असते. फायनलच्या आधीच्या आठवड्यात कॅप्टनच्या घरी जाते, आणि तिच्या आईने ती धुवायची असते. रिठ्याच्या गार पाण्यात. पिळायची नाही. सावलीत वाळवायची. आता तिच्यात ताण असा उरलेलाच नाही, गुडघ्याला तिचा काडीचा उपयोग नाही. फक्त ती बांधली की खालची सूज दिसत नाही.

हे सगळं सांभाळणारे सर, म्हणजे आमचे पीटी मास्तर, तेच अजूनही मुलींना शिकवतात. निवृत्त झाले तरी शाळेने त्यांना सोडलं नाही, की त्यांनी शाळेला. बुटके, शांत, खिशात कायम भाजलेले शेंगदाणे. कधी ओरडले नाहीत, कधी कुणावर जबरदस्ती केली नाही. हे खरं आहे म्हणून लिहितेय. चांगला खेळ केला की ते दोन शेंगदाणे हातावर ठेवत, आणि त्या दोन शेंगदाण्यांसाठी आम्ही विहिरीतसुद्धा उडी मारली असती. आमच्या आया म्हणायच्या, देवमाणूस आहे. मीही म्हणायची.

माझ्या चांदणीची गोष्ट शाळेत दर वर्षी नव्या मुलींना सांगतात. दुसऱ्या हाफमध्ये ती पडली, उठली, आणि एका पायावर उभी राहून शेवटची बास्केट टाकली. छान आहे गोष्ट. खरी नाही. गुडघा फायनलच्या तीन आठवडे आधीच गेला होता, साध्या सरावात. मी तो सरांना दाखवला. त्यांनी अंगठ्याने दाबला. अंगठा उचलल्यावर खळगा तसाच राहिला, तो आम्ही दोघांनी बघितला. "स्वल्प ऊत, अष्टे," ते म्हणाले. थोडी सूज आहे, एवढंच. मग विचारलं, "आडतीया?" खेळशील का? मी म्हटलं, हो सर. घरी आईने पट्टी धुऊन तारेवर घातली. तिला मी एका शब्दाने बोलले नाही. त्या फायनलनंतर मी आजतागायत धावलेली नाही. समोरून बस सुटत असली तरीसुद्धा नाही.

हे कुणाला का सांगितलं नाही? उगाच साळसूदपणा करत नाही, मला मिरवायला आवडत होतं. इंजिनिअरिंग बेताचं झालं, नोकरी बेताची झाली, पण शाळेत गेले की लहान लहान मुली माझ्याकडे बोट दाखवून कुजबुजायच्या. ते कुणाला नको असतं?

मध्ये एकदा मला धडा मिळायला हवा होता. माझ्या आधीची चांदणीवाली, आमची डावखुरी अक्का, कोपऱ्यातून टाकलेला तिचा बॉल कडीला न लागता जाळीत उतरायचा. तिने देवनहळ्ळीच्या एका नव्या लेआउटमध्ये घर बांधलं आणि गृहप्रवेशाला आम्हा सगळ्यांना बोलावलं. अंगणात पंगत, केळीची पानं. वाढपी आला तेव्हा ती म्हणाली, मला खुर्ची द्या. मीही म्हटलं, मलाही. पलीकडून तिच्याही आधीची चांदणीवाली म्हणाली, अहो मलाही एक. आम्ही तिघी खुर्च्यांवर पान मांडीवर घेऊन बसलो आणि हसलो, वय झालं गं बायांनो. चाळिशी तेव्हा एकीनेच ओलांडली होती. समोर सर जमिनीवर मस्त मांडी घालून होळिगे, म्हणजे पुरणपोळी, खात होते. माझी मुलगी तेव्हा आठ वर्षांची. तीही एक खुर्ची ओढत आली आणि आमच्या रांगेत बसली. "मी पण चांदणीवाल्यांमध्ये," म्हणाली. सगळ्यांना तिचं केवढं कौतुक.

तर त्या लिफ्ट बंद पडलेल्या संध्याकाळी घरात गेल्यावर मी तिला सोफ्यावर बसवलं आणि पँट वर कर म्हटलं. ती करेना. मी दटावलं तेव्हा केली. मी अंगठ्याने दाबलं. खळगा पडला आणि तसाच राहिला.

"किती दिवस?"

"दोन आठवडे." मग घाईघाईने, "पण आई, फायनल दहा दिवसांवर आहे, आणि मी कॅप्टन आहे. बाबाला नको सांगू. तो लगेच डॉक्टर करेल."

बाबाला न सांगून चालणार होतं थोडंच. तो व्हाइटफील्डहून ऑफिसच्या कॅबने दमून आला, त्याने गुडघा पाहिला आणि म्हणाला, "उद्या सकाळी डॉक्टर. खेळबिळ सगळं बंद. कमाल आहे तुमची." आणि मी, मी काय म्हणाले? मी म्हणाले, "थांब जरा. गुडघ्यातलं मला कळतं. मी बघते." त्याने पुढे ताणलं नाही, कारण या बाबतीत घरात माझा शब्द चालतो. स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतात माणसं. मी पोरीच्या पायावर मारला.

दुसऱ्या दिवशी मी शाळेत सरांकडे गेले. ते कोर्टाच्या कडेला प्लास्टिकच्या खुर्चीत बसले होते. मी म्हटलं, सर, तिला फायनलला उतरवू नका. त्यांनी माझं सगळं ऐकून घेतलं. मग हळू आवाजात म्हणाले, "मी कुणाला उतरवत नाही, अम्मा. मी विचारतो. तुलाही विचारलं होतं." पुढे म्हणाले, "तूच सांग तिला. तुझी चांदणी आहे, तुझं ऐकेल. ती नको म्हणाली की सरी, ठीक आहे, दुसरी कुणी बांधेल पट्टी." आणि डब्यातून पट्टी काढून त्यांनी ती माझ्या हातात दिली, धुवायला. मी घेतली. नको म्हणायला तोंड उघडलं होतं, पण तोवर हात पुढे झाला होता.

त्या दुपारी मी मुलीला सगळं सांगितलं. तीन आठवडे आधीची सूज, खळगा, आईपासून लपवलेलं, नंतर कधीच न धावणं, वजनाचं खोटं. सांगताना माझा आवाज चढला, मी रडलेही. तिने मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी एवढंच विचारलं, "मग तुला पश्चात्ताप होतो? न खेळता बाहेर बसली असतीस तर बरं झालं असतं, असं वाटतं?"

हो म्हणायचं होतं. एका अक्षराचं काम. पण माझ्या डोळ्यांपुढे ती शेवटची बास्केट आली, उभी राहिलेली सगळी शाळा आली, हातावरचे शेंगदाणे आले. आणि मी क्षणभर थांबले. मग म्हटलं, "हो. होतो ना."

तिने तो क्षण मोजला. माझीच पोर ती. "बघ," एवढंच म्हणाली, आणि तिच्या चेहऱ्यावर जे हसू आलं ते मला अजून विसरता येत नाही. तिला परवानगी मिळाली होती.

अजूनही मला थांबवता आलं असतं. आई होते ना मी, खोलीत कोंडता आलं असतं, नवऱ्याला हाक मारता आली असती. शुक्रवारी मी रिठे भिजत घातले. पट्टी गार पाण्यात बुडवली, दोन्ही हातांनी हलक्या हाताने चोळली, पिळली नाही, बाल्कनीत सावलीला घातली. माझ्या आईने घातली होती अगदी तशी. का केलं? कुणाची तरी आई पट्टी न धुता परत पाठवते ही गोष्ट शाळेत पसरली असती, आणि माझ्या नावावर ते सहन झालं नसतं मला. दुसरं कारण नाही. मी खूप शोधलं.

फायनल शनिवारी सकाळी आमच्याच कोर्टवर. सिमेंटच्या पायऱ्या गच्च भरलेल्या. मी नेमकी सगळ्यात वर बसले, कारण खाली मुलींच्या जवळ बसायची मला भीती वाटत होती. नवरा आला नाही. "तू बघतेस ना," म्हणाला होता.

पहिले दोन डाव ती बरी खेळली. तिसऱ्यात बॉल घेऊन वळली आणि पाय जमिनीवर राहिला, वरची ती फिरली. आवाज वरपर्यंत आला. स्वयंपाकघरात शेवग्याची शेंग मोडतो, तसा. ती खाली बसली. ओरडली नाही. शिट्टी झाली, खेळ थांबला, आणि पायऱ्यांवर शाळेच्या त्या टाळ्या सुरू झाल्या, तीन टाळ्या आणि थांबायचं, तीन टाळ्या आणि थांबायचं. कुणी पडलं की आमच्या शाळेत अशाच वाजवतात.

सर खुर्चीतून उठून तिच्याजवळ गेले. खाली वाकले. पट्टीवरून अंगठ्याने दाबलं.

मी उठले. "थांबवा!" ओरडले. मग कन्नडमध्ये ओरडले, "निल्लिसि! निल्लिसि!" शेजारच्या बाईला वाटलं मी जोर चढवतेय. तिने माझ्या पाठीवर थाप मारली, "हां अक्का, भले!" आणि टाळ्या आणखी जोरात. मी माणसांमधून खाली निघाले. उजवा पाय खाली, मग डावा त्याच्या शेजारी. कठडा नव्हता, लोकांच्या खांद्यांना धरत. पुन्हा उजवा. खाली सरांचे ओठ हलले. ऐकू आलं नाही, पण काय विचारलं ते मला ठाऊक होतं. माझी पोर मान वर करून हो म्हणाली. अर्ध्या पायऱ्या व्हायच्या होत्या तेव्हा शिट्टी पुन्हा वाजली. तीस वर्षांपूर्वी मी खेळले नसते, तर त्या दिवशी मी वेळेत खाली पोचले असते. हे मी रोज स्वतःशी बोलते.

कोर्टाच्या रेषेपाशी पोचले तेव्हा ती माझ्याकडे बघून हाताने मागे हो म्हणत होती. मी मागे झाले. आत गेले असते तर तिच्या सगळ्या शाळेसमोर तिची आई तिला ओढून नेतेय असं झालं असतं, आणि ते दोघींनाही नको होतं. उरलेला सगळा वेळ ती एका कोपऱ्यात एका पायावर उभी होती. बॉल तिच्याकडे आलाच नाही. बास्केट दुसऱ्या मुलींनी टाकल्या, सामना दुसऱ्या मुलींनी जिंकला. ती तिथे नसती तरी जिंकलो असतो.

डॉक्टरांनी फोटो बघितले आणि एकच प्रश्न विचारला. "पडल्यावर किती वेळ पायावर होती?" मी म्हटलं, सामना संपेपर्यंत. आतला दोर तुटला होता, तो ऑपरेशन करून बसवता येतो म्हणाले. पण दोर तुटल्यावर उभी राहिली म्हणून आतली गादीही चिरडली गेली, तिचं फार काही करता येणार नाही. नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं. भांडला असता तर बरं झालं असतं. त्या दिवसापासून तो मला कशातच "तू बघ" म्हणत नाही.

चांदणी मात्र मिळाली. आणि शाळेची रीत अशी की नवी चांदणी रंगवायची ती जुन्या चांदणीवालीने. माझी त्या डावखुऱ्या अक्काने रंगवली होती. मुलीची रंगवायला सरांनी मला बोलावलं. नाही म्हणेन असं ठरवून गेले होते. मुलगी कुबड्या घेऊन फळ्यासमोर उभी होती, सगळा वर्ग मागे, आणि ती माझ्याकडे अशी बघत होती की जन्मात कधी बघितलं नव्हतं. मी ब्रश घेतला. पाचही टोकं नीट काढली, रंग कुठे ओघळू दिला नाही. सरांनी आम्हा दोघींच्या हातावर दोन-दोन शेंगदाणे ठेवले. मुलीने लगेच खाल्ले. माझे मी पर्समध्ये टाकले, ते अजून तिथेच आहेत.

आता ती अकरावीत आहे. लिफ्ट बंद असली की आम्ही दोघी एकामागून एक जिना उतरतो, तिरक्या. पहिल्या मजल्यावरचे अंकल आता दार उघडत नाहीत.

परवा एक फोन आला. या वर्षीच्या कॅप्टनची आई. दोन वर्षांपूर्वी नागपूरहून नोकरीसाठी व्हाइटफील्डला आलेली, बोलायला मोकळी, गोड बाई. फायनल आठवड्यावर आलीय, पट्टी त्यांच्याकडे पोचलीय.

"ताई, तुम्हालाच विचारावं म्हटलं. पट्टी गार पाण्यात धुवायची की कोमट?"

मी विचारलं, "मुलीचा गुडघा कसा आहे?"

"एकदम मस्त! म्हणजे, स्वल्प दुखतंय म्हणते, अष्टे," आणि आपलं नवं कन्नड वापरायला मिळालं म्हणून हसली.

मग मी सोडलं नाही. धुऊ नका म्हटलं. पट्टी परत करा, आजच्या आज पोरीचा गुडघा अंगठ्याने दाबून बघा, खळगा राहिला तर सरळ डॉक्टरकडे जा. माझं सांगितलं, मुलीचं सांगितलं, गादीचं सांगितलं. या वेळी मध्ये एकदाही थांबले नाही. मग ती म्हणाली, "काय हो ताई! तुमच्या घरात दोन-दोन चांदण्या, आणि आमच्या पोरीला तुम्ही घरी बसायला सांगता?" रागाने नव्हे. थट्टेने, थोडं दुखावून. "चला, मी गारच घेते पाणी," म्हणाली आणि फोन ठेवला.

मी फोन हातात धरून तशीच बसले. मुलगी समोर सोफ्यावर होती, पाय उशीवर, सगळं ऐकत होती. मला वाटलं आता ती म्हणेल, दे इकडे फोन, मी सांगते त्यांना.

"आई," ती म्हणाली, "पिळायची नाही, हे सांगायचं राहिलं तुझं."